बाबांच्या मानपत्रातला परका माणूस

ती. आत्या,

तुझ्या भाचीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढतेस, की अजून खालच्याच खोलीत झोपतेस? आमच्याकडे सगळे बरे आहेत. आईची औषधाची बाटली संपली, खोकला शिल्लक आहे. पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. आजोबांच्या अंत्यविधीला बाबा प्रवचन करत असताना तू हसलीस, तेव्हापासून चार वर्षं तुम्ही दोघं बोलत नाही, आणि दोन्ही घरांच्या बातम्या तिसऱ्याच्याच तोंडून कळतात. आता डीकन म्हणून बाबांची बदली तुमच्या चर्चमध्ये झाली आहे. पंधरा दिवसांनी, रविवारी, ते तुझ्यासमोर उभे राहून बोलणार आहेत. म्हणून इथल्या निरोपाची हकीकत मीच कळवते.

बदली तशी मोठी नाही. पूल ओलांडला की तुमची हद्द, बसने वीस मिनिटं. घर तेच, नळदुरुस्तीचा धंदा तोच, फक्त रविवारी उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळायचं. (शेजारी नव्याने आलेल्या शिक्षिकाबाईंना हे समजावताना माझा अर्धा तास गेला. डीकन म्हणजे फादरांच्या मदतीचा माणूस, त्याला बायकामुलं असू शकतात, आठवडाभर तो आपलं काम करतो, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मोरी तुंबली तर यांनाच बोलवायचं ना?") तरी निरोप असा दिला, जणू बाबा बोटीने निघाले आहेत आणि बोट परत येणार नाही.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घराण्यात पदवी मिळवलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेल्या माणसाला मानपत्र येतंच असा चर्चच्या निरोप समितीचा समज आहे. मी तीन दिवस मेहनत घेतली. मानपत्रात खोटं काही असू नये असं माझं मत होतं, म्हणून लिहिलं की डीकनसाहेबांचं प्रवचन लांबतं, गाताना त्यांचा सूर सुटतो, वेळ ते पाळत नाहीत. पण अकरा वर्षांत एकाही आजारी माणसाच्या घरी त्यांनी आधी उपदेश केला नाही, आधी नळ पाहिला. मला ते चांगलं जमलंय असं वाटलं होतं. समितीचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, चष्मा काढून म्हणाले, "बाळ, हे मानपत्र आहे. तक्रार अर्ज नव्हे." मग त्यांनी आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी बसून दुरुस्ती केली. दुरुस्तीत बाबांचा आवाज मधुर झाला, प्रवचनं मोजकी झाली आणि वक्तशीरपणा हा त्यांचा श्वास ठरला. नळ गेला. (वेदीजवळ नळाचं नाव शोभत नाही, असं ऑर्गनबाईंचं म्हणणं पडलं. त्यांच्या न्हाणीघरातलं सगळं काम बाबांनीच केलेलं आहे.)

समारंभ हॉलमध्ये होता. वक्तशीरपणाचं वाक्य आलं, तेव्हा बाबा नुकतेच येऊन टेकले होते. बेकरीवाल्याकडे पाइप फुटला होता आणि त्यांच्या मनगटाला अजून ग्रीस होतं. मधुर आवाजाचं वाक्य आलं, तेव्हा त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. मला वाटलं, पंखा बघतायत. हे वर्णन ज्याचं चाललंय तो मागे कोण बसलाय, हे ते बघत होते. शंभरेक माणसं होती, त्यातली निम्मी तरी दर रविवारी त्यांच्या गाण्याच्या वेळी हसू दाबत आपल्या पायांकडे बघतात. कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी डोळे पुसले, फादरांनी टाळ्या वाजवल्या, काचेची फ्रेम बाबांच्या हातात आली आणि ती उलटी धरून त्यांचा फोटो निघाला.

घरी आल्यावर फ्रेम कपाटाला टेकवून बाबा तिच्यासमोर बसून राहिले. आईने चहा आणला, तो निवला. मग म्हणाले, "अक्का असती तर हसली असती."

आईने निवलेला चहा उचलून नेला. मला तो दिवस आठवला. शवपेटीशेजारी उभं राहून बाबांनी सांगितलं होतं की आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, आणि पहिल्या रांगेत तुला हसू फुटलं. रुमाल लावलास, पण चर्चमध्ये घुमतं. (आजोबांच्या ओरडण्यामुळे शेजारच्यांनी खिडकी विटा लावून बुजवली होती, ती अजून तशीच आहे.) तेव्हा मी बाबांच्या बाजूची होते. आता नक्की कुणाच्या बाजूची आहे ते ठरवलेलं नाही, पण परवा त्या हॉलमध्ये मी तुला शोधत होते, एवढं खरं.

बाकी ठीक. गुडघा शेकत जा. आई तुझी आठवण काढते, बाबा घरात नसताना.

तुझी,
भाची

ता. क. : कोणत्या रविवारी कोणतं वाचन, ते आधीच छापून येतं आणि बाबांना बदलता येत नाही. तुमच्याकडच्या त्यांच्या पहिल्या रविवारी जे आहे त्यात असं सांगितलंय की बहीणभावाशी बिनसलं असेल, तर आधी जाऊन समेट करावा, मग वेदीपाशी यावं. बाबांनी कॅलेंडर पाहिलं, तारीख ताडून पाहिली, मग कॅलेंडर गेल्या वर्षीचं तर नाही ना, तेही पाहिलं.

ता. क. २ : तेव्हा आदल्या शनिवारी त्यांना तुझ्याकडे यायचं आहे. असं ते म्हणालेले नाहीत. पण त्या दिवशीची दोन कामं त्यांनी पुढे ढकलली आहेत, आणि अक्काकडचे पाइप जुने झाले असतील असं कालपासून तीनदा म्हणाले.

ता. क. ३ : तुझ्याकडे एखादा नळ गळत असेल तर उलट टपाली कळव. नसेल तर एक सैल करून ठेव. रिकाम्या हातांनी बाबांना माफी मागता येत नाही. शक्यतो स्वयंपाकघरातला कर. न्हाणीघरात तुम्ही दोघं मावणार नाही.