सर्वमान्य दंतमंजन

१२ नोव्हेंबर १८८८, ठाणे. सकाळ.
नोकरी करणार नाही. ठरले.
सासरेबुवांचा कल्याणहून निरोप आला. इथल्या कचेरीत नव्या वर्षी कारकुनाची जागा रिकामी होते आहे, त्यांनी शब्द टाकला आहे, जावईबापूंनी फक्त हो म्हणावे. बी.ए. झालेल्या माणसाने नकला उतरवीत बसावे! मी व्यापार करणार. पण सासरेबुवांच्या तांदळाच्या पेढीसारखा आंधळा व्यापार नव्हे. एका विलायती मासिकात वाचले की तिकडचे काही कारखानदार माल काढण्याआधी गिऱ्हाइकाला काय हवे याची इन्क्वायरी करतात. नवे सायन्स आहे. आपल्या इलाख्यात एकाही कॉलेजात शिकवीत नाहीत. म्हणून आजपासून आमच्या ओटीवर कॉलेज उघडले आहे. इयत्ता एम.ए.च्या तोडीची. प्रिन्सिपॉल मी, विद्यार्थीही मीच. उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

१३ नोव्हेंबर.
उठायला उशीर झाला. प्रिन्सिपॉलांनी समज देऊन सोडले.

१५ नोव्हेंबर.
सौ. सगुणेने विचारले, इकडून विकायचं काय ठरलंय? स्त्रियांना नेहमी शेवटचे आधी हवे असते. तरी विचार केला. दंतमंजन! दात सर्वांना असतात, म्हणजे मार्केट सर्व मनुष्यजात. सौ. म्हणाली, शेजारच्या आजींना एकही नाही. अपवाद म्हणून नोंद केली.

१९ नोव्हेंबर.
फील्डवर्कचा पहिला दिवस. काळा कोट, पगडी, हातात पेन्सिल. अँब्रोज सुतार माझा लहानपणचा मित्र. त्याच्या किरिस्तांव आळीपासून सुरुवात केली. तो कामावर गेलेला. त्याच्या शेजारी जुलियाबाईंचे घर. मी इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणून पहिला प्रश्न टाकला, आपल्या घरात रोज काय वापरता? बाईंनी पायाने एक बुधला खाटेखाली लोटला आणि म्हणाल्या, या घरात पाण्याशिवाय काय नाय सायबा, येशूची आण. मग मी मंजनाचे विचारले. लगेच म्हणाल्या, लावू की. रोज लावायचे? हो. दोनदा? सायब सांगेल तितक्यांदा. सकाळी कोणता वास आला की बरे वाटते? यावर मात्र मनापासून बोलल्या, तव्यावरच्या बोंबलाचा.
मी निघालो तोवर पुढच्या घरांतून बुधले हलवण्याचे आवाज येऊ लागले होते. प्रत्येक घरी उत्तर हो. इतके सहकार्य मला स्वतःच्या घरीही मिळत नाही.
निष्कर्ष: डिमांड शंभर पर्सेंट.

२४ नोव्हेंबर.
खाडीवर मिठागरात गेलो. चिखलात बूट गेला, पण सायन्ससाठी बुटाची पर्वा नाही. (दुसरा घरी आणून काय करायचे ते कळत नाही.) बांध घालणाऱ्यांत भिवा म्हणून एक होता. त्याला विचारले, दात कशाने घासतोस? भिवाचा चेहरा पडला. हात जोडून म्हणाला, मीठ सरकारचं हाय, रावसाब, आमी त्याला बोट लावत नाय. मी म्हटले, मिठाचे नाही, दातांचे विचारतो. तर म्हणाला, दात आमी घासीतच नाय. बाकीच्यांना विचारले. सगळे एकदम म्हणाले, आमच्या गावात कोनी घासीत नाय. बापजाद्यांपासून नाय. दात मात्र सर्वांचे मोत्यासारखे. हे नवलच.
घरी येईतो आनंदाने पाय जमिनीवर नव्हते. अखंड गाव, ज्याने आजवर दात घासले नाहीत! असे कोरे मार्केट जगात दुसरीकडे नसेल.

३० नोव्हेंबर, कल्याण.
बाजारात व्यापाऱ्यांची इन्क्वायरी. धंदा कसा चालला आहे, असे सहज विचारून आरंभ करावा, म्हणजे माणूस खुलतो. एकही खुलला नाही. कापडवाला म्हणाला, कसला धंदा, घरात चूल पेटत नाही. गूळवाला म्हणाला, खायलाच नाही तर दातांना काम काय? हे सांगताना पेढा खात होता. निष्कर्ष: मंजन स्वस्त पाहिजे.

१ डिसेंबर, ठाणे.
अँब्रोज भेटला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणे, अरे आनंद, आमच्या आळीला तू दारू पकडणारा आबकारीचा वाटलास रे, भिवाला मिठाच्या खात्याचा आणि कल्याणात इन्कमटॅक्सचा. ते तुला हो म्हणाले नाहीत, तुला घालवत होते. मी शांतपणे सांगितले की उत्तर कोणत्या कारणाने आले हा प्रश्न सायन्सचा नव्हे, उत्तर आले हे महत्त्वाचे. तो रंधा घेऊन गेला. सुतारांना ॲव्हरेज कळत नाही.

५ डिसेंबर.
आता रंग आणि वास. उत्तरे जमली: लवंग, कापूर, गुलाब, वाळा, बोंबील. रंग: लाल, पिवळा, निळा, पांढरा. कोणाचेही मन मोडायचे नाही. सर्वांची सरासरी काढून सर्व एकत्र घालायचे, म्हणजे मंजन सर्वांनाच आवडणार. नाव सुचले: सर्वमान्य दंतमंजन.
सौ. म्हणाली, थोडंसं करून शेजारी देऊन पाहावं आधी. मी तिला समजावले की एका शेजारावरून सायन्स होत नाही.

८ डिसेंबर.
वार्षिक परीक्षा. पेपर मीच काढला, त्यामुळे सोपा गेला. फर्स्ट क्लास. प्रिन्सिपॉलांचे छोटे भाषण झाले. सौ.ने श्रोत्यांत बसून भाजी निवडली.

१० डिसेंबर.
कचेरीच्या जागेला नाही म्हणून कळवले.  दुपारी सौ.ने डाळ इतकी घोटली की पाणी झाले.

२० डिसेंबर.
माल तयार. परसात तीन गडी कुटायला होते. कुंकवाचा लाल, हळद, नीळ, खडू. सुक्या बोंबलाचा अंश प्रमाणात. सौ. म्हणते या रंगाला नाव आहे, पण चांगल्या घरात ते घेत नाहीत. वास जवळून नीट कळत नाही. लांबून कळतो. अँब्रोजने लाकडी डबे करून दिले आणि नाक धरून पोचवले.

२ जानेवारी १८८९, कल्याण.
दुकान उघडले. सासरेबुवांनी रागारागाने का होईना, पेढीची एक फळी दिली.
गिऱ्हाईक नाही. पहिला दिवस.

३ जानेवारी.
मांजरे बरीच आली.

७ जानेवारी.
जुलियाबाई ठाण्याहून पेढीवर तांदळासाठी आलेल्या. मी म्हटले, आपण तर रोज दोनदा लावणार होता. त्या म्हणाल्या, तू सरकारचा नाय तर मग कशाला लावू? भिवाला निरोप धाडला होता. त्याचे उत्तर आले, आमी आता घासतो, मिठाने. रावसाब बदलून गेले ना?
निष्कर्ष: लोकांची मते बदलली आहेत. पुन्हा इन्क्वायरी करावी लागेल.

१२ जानेवारी.
मोठा दिवस. सासरेबुवा आणि त्यांचे चुलतबंधू गोपीनाथपंत यांचे गोदामामागच्या बोळावरून जुने वैर. सौ. लहान असल्यापासून दोघे बोलत नाहीत. आज पंचांसमोर तडजोडीची बैठक. गोपीनाथपंत मुलासह कालच मुक्कामाला आले आहेत, सौ.ही ठाण्याहून आली आहे. सासूबाईंनी सर्वांना बजावले आहे की आज कोणी वेडेवाकडे बोलायचे नाही. दोन्ही घरे पुन्हा एक व्हायची आहेत. मी पहाटे उठून (हो, उठलो) दोघांच्या तांब्याशेजारी मंजनाच्या वाट्या ठेवल्या. बैठक प्रसन्न मुखाने व्हावी हा हेतू.

तोच दिवस, दुपार.
नीळ जास्त झाली असावी.
गोपीनाथपंतांनी नमस्कार करून स्मित केले. पंच मागे सरकले. सासरेबुवा हसायला लागले, तर त्यांचेही दात, हिरड्या, जीभ सर्व निळे. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि तोंडे गच्च मिटली. त्यानंतर कोणीच तोंड उघडेना. मागले काही उकरून काढायचे तर बोलायला हवे ना! पंचांनी विचारले, बोळ दोघांचा? दोघांनी माना हलवल्या. सह्या झाल्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. कधी नव्हे ते दोघे भाऊ एका पंक्तीला जेवले, फक्त दहीभात, कारण बाकी सर्वाला बोंबलाची चव लागत होती म्हणतात.
मला वाटते हा सर्वमान्य मंजनाचा विजय आहे. सौ.ला तसे म्हणालो. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिले. पुष्कळ दिवसांनी हसली.

१४ जानेवारी.
समेटाच्या भरात भावाला काय देऊ नि काय नको, असे सासरेबुवांना झाले होते. कचेरीची ती जागा अजून रिकामी होती. त्यांनी पुन्हा शब्द टाकून ती गोपीनाथपंतांच्या मुलाला, पंढरीला देवविली. तो मॅट्रिक नापास आहे. अक्षर मात्र चांगले आहे, असे सौ. म्हणाली.

२० जानेवारी.
अँब्रोजने दोन डबे उचलले. म्हणतो, लाकडावर भुरभुरले की वाळवी फिरकत नाही. वाळवीला दात असतात काय, हे पाहिले पाहिजे.

४ फेब्रुवारी, कल्याण.
सासरेबुवांच्या पेढीवर गादीच्या खालच्या बाजूला मला जागा मिळाली. सौ. आणि सामान काल ठाण्याहून आले. दात अजून किंचित आकाशी असल्याने सासरेबुवा कमी बोलतात. सकाळी एक माणूस आला आणि तांदूळ द्या म्हणाला. मी दिला. दुसरा आला, तोही तांदूळच म्हणाला. दिवसभर माणसे येत होती. त्यांना काय हवे ते त्यांना माहीत होते आणि कोणी न विचारता सांगत होते. या प्रकाराविषयी विलायती मासिकात काही आले नव्हते.
संध्याकाळी एका म्हातारीला सहज विचारले, आजी, तांदळाचा रंग कोणता आवडेल? सासरेबुवांनी माझ्या हातातले माप काढून घेतले आणि झाडू दिला.