पानाचा साचा

आई, काल नातीनं मला विचारलं की हातानं शुभेच्छापत्रं करायला शिकायचं तर आधी कुठले साचे घ्यावेत. मोबाइलवर एकेक चित्र दाखवत होती. पातळ पत्र्याचे कापायचे साचे, ती त्यांना डाय म्हणते. फुलपाखरं, लेसच्या किनारी, पिंजरे, केकचे तुकडे, टोपी घातलेलं मांजर. संपतच नव्हते. "आजी, तू हेच काम करायचीस ना? मग सांग, यातलं खरंच लागतं ते कुठलं?" मी म्हटलं, थांब, चहा घेते, मग सांगते. चहा घेतला आणि तुमच्याच विचारात बसून राहिले. आज ती कॉलेजला गेली आहे, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला घेतलं. मराठीत लिहायची सवय राहिलेली नाही. या बेटावर दिवसभर तोंडात इथली क्रिओल बोली असते, मराठी आता देवळात आणि सणालाच.

तुम्ही माझ्या पहिल्या नवऱ्याची आई. मी तुमच्याकडे क्वात्र बॉर्नला सून म्हणून आले तेव्हा तुम्ही विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाला सरकारी कचेरीत कारकुनी लागली होती, तरी तुम्ही व्हरांड्यात बसून कात्रीनं कार्डं कापायचं सोडलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका, चतुर्थीची आमंत्रणं, ख्रिश्चन शेजाऱ्यांना नाताळाची कार्डं, ईदची कार्डं, आणि वर्षअखेरीला बाजारात टोपलीभर बोनाने, म्हणजे नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मला वाटायचं, काय हा उद्योग. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी तुमचा मुलगा समुद्राकाठच्या सुरिनाम गावी मामाकडे गेला, मित्रांबरोबर मासे धरायला खडकावर उतरला, आणि लाटेनं त्याला ओढून नेलं. संध्याकाळी कोळ्यांनी त्याला बाहेर काढलं. निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरात ब्रेदची पालेभाजी निवडत होते. निरोप ऐकला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. पाणी घालून धुतली. चुलीवर ठेवणार होते, तेवढ्यात शेजारणीनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. बायका नंतर म्हणाल्या, ही रडलीच नाही. खरं होतं ते. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही मला काही वाटत नव्हतं. कानात पाणी गेल्यावर जसं सगळं लांबून ऐकू येतं, तसं होतं.

बाराव्यानंतर माझी आई माहेरच्या गावाहून, शमें ग्रेनिएहून, मला न्यायला आली. माझं बोचकं बांधून तयार होतं. तुम्ही तिला जेवायला वाढलंत, हात धुवायला पाणी दिलंत, आणि मग म्हणालात, "हिला इथंच राहू दे."

आई म्हणाली, "कशाला? आता हिचं इथं काय आहे?"

"घर हाय," तुम्ही म्हणालात. "तिकडं नेऊन काय करशील? उसात धाडशील. माणसं तोंडाकडं बघतील. इथं कोण बघायला नाय. मी हाय, आणि मला धड दिसत नाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहते. कुठंही राहिले असते. आई बोचकं तसंच ठेवून बसनं परत गेली आणि त्या संध्याकाळी तुम्ही ते सोडून माझे कपडे पुन्हा कपाटात लावलेत.  

त्यानंतरचे किती दिवस गेले मला आठवत नाही. मी उठायची, केर काढायची, भात लावायची, तुमच्यासमोर बसायची. एके दिवशी तुम्ही मला साडी बदलायला सांगितलंत आणि बाजारामागच्या बुटांच्या कारखान्यात घेऊन गेलात. मालक क्रिओल समाजातला होता, म्हातारा. ऑस्ट्रेलियाला मुलीकडे कायमचा चालला होता, आणि बुटांचं कातडं कापायचं हातदाब्याचं यंत्र तुम्हाला देणार होता. साचा कागदावर ठेवायचा, लोखंडी दांडा खाली ओढायचा, की चारपाच कागद एकदम कापून निघतात. साचे तो स्वतःच करायचा. धारेची पोलादी पट्टी वाकवून लाकडात बसवायची आणि कागद अडकू नये म्हणून बाजूंना रबराचे तुकडे चिकटवायचे. जहाज सुटायच्या आधी तुमच्यासाठी साचे करून देईन म्हणाला, पण पट्टीची एकच गुंडाळी उरली होती. "पाच होतील, मादाम. फार तर पाच. निवडून ठेवा."

घरी येऊन तुम्ही जेवणाच्या टेबलावर चित्रं मांडलीत. कधी काढून ठेवली होतीत कुणास ठाऊक. कमळ, मोर, गणपती, कलश, स्वस्तिक, ख्रिश्चनांसाठी घंटा आणि तारा, मुसलमानांसाठी चंद्रकोर, बदाम, कबुतर, नारळाचं झाड, डोडो. टेबल भरून गेलं. तुम्ही एकेक उचलत होतात आणि पुन्हा खाली ठेवत होतात. शेवटी खुर्ची मागे सारलीत. "मला सगळंच बरं वाटता. तू सांग गो. तुला काय आवडता?"

"काही नाही."

"मग तेच सांग. कुठचा नको ते सांग."

ते सोपं होतं. मी एकेक कागद उचलला आणि बाजूला ठेवत गेले. मोर नको, त्याचा तुरा फाटेल. गणपती कापून चालणार नाही, सोंड निघायची नाही. डोडो वर्षातून एकदा खपेल. बदाम म्हाताऱ्या माणसांच्या कार्डाला शोभत नाही. तारा, घंटा, चंद्रकोर ज्याच्या त्याच्या सणालाच लागणार. कमळही बाजूला ठेवलं. टेबलावर चित्रं संपली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पेन्सिल घेतली. दुमडून कार्ड होईल असा साधा लांबट चौकोन. पाकिटाचा एक साचा, कारण पाकिटं कापतानाच तुमचे सगळ्यात जास्त तास जायचे. आतलं नाव दिसेल अशी लंबगोल खिडकी. कोपरा गोल करायचा एक छोटा. चार झाले. पाचवं मी एक पान काढलं, देठ नसलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं.

"ह्यां काय?"

"पान."

"आणि कमळ नको? लग्नाच्या पत्रिकेवर कमळ नको?" तुमचा आवाज चढला होता. "उद्या बायका विचारतील, कमळ कुठं, तर काय सांगू, पान घ्या म्हणून?"

"पानाचंच कमळ होईल," मी म्हटलं. "पाकळ्या म्हणून गोलात लावायची. मोराचा पिसाराही होईल. उभं लावलं तर दिव्याची ज्योत. लाल कागदाचं कापलं तर नाताळाचं फूल. दोन आडवी जोडली तर मासा."

मासा म्हटलं आणि मी थांबले. तुम्हीही. नंतर तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल घेतलीत आणि पानाची बाजू थोडी फुगीर केलीत. "अशी कर. नायतर टोक दुमडेल." तो गेल्यापासून मी सलग इतकं बोलले नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्या आलं असेल. तुम्ही म्हणालात, "कोरेक, बरोबर हाय, हेच पाच," आणि चित्रं गोळा केलीत.

यंत्र व्हरांड्यात आलं आणि मी कामाला लागले. पट्टी कागदात उतरल्याचा आवाज यायचा, मऊ, आणि पान सुटून पडायचं. मला तेवढं पुरत होतं. पाकिटं कापून झाली की मी पानं कापायची. ऑर्डर असो नसो. हिरवी, पांढरी, लाल, नंतर तुम्ही आणून ठेवलेला सोनेरी कागदसुद्धा. बिस्किटांचे डबे भरले, मग उशीचा अभ्रा भरला. तुम्ही बघत होतात. एका दुपारी आतून आलात, दांड्यावरचा माझा हात धरलात आणि बाजूला केलात. "पुरे. पोर माझा गेला. कागदान काय केलान तुझा?"

मी तिथेच उभी राहिले. तुम्ही इतक्या कडक आवाजात माझ्याशी आधी बोलला नव्हतात आणि नंतरही कधी नाही. मग तुम्ही खाली बसून पडलेली पानं वेचायला लागलात आणि वेचता वेचता रडायला लागलात, आवाज न करता. मी समोर बसून वेचू लागले. तुमच्या पाठीवर हात ठेवावा असं मला सुचलं, पण सुचणं आणि हात उचलणं यांत फार अंतर होतं. पानं वेचून झाली. तुम्ही डोळे पुसलेत, म्हणालात, चहा टाक. त्या अभ्र्यातली पानं आपल्याला पुढे कितीतरी वर्षं पुरली.

ती वर्षं मला एकाच दिवसासारखी आठवतात. सकाळी यंत्राला तेल घालायचं, तुम्ही रंग जुळवायचात, मी कापायची, शनिवारी टोपली घेऊन बाजारात. कपड्यांच्या गाळ्यांच्या टोकाला आपली जागा. बायका पत्रिका हातात घेऊन म्हणायच्या, कमळ किती छान आहे, साचा कुठून आणलात? तुम्ही माझ्याकडे न बघता सांगायचात, "सुनेन केलान." चक्रीवादळात व्हरांड्याचं छप्पर गेलं तेव्हा आपण यंत्रावर दोन गाद्या टाकल्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसून राहिलो. मला तेव्हाही भीती वाटली नाही. तुम्हाला वाटत होती. तुम्ही माझा पदर धरून ठेवला होता.

मग ते गृहस्थ यायला लागले. प्राथमिक शाळेत मास्तर, संध्याकाळी देवळात मुलांना मराठी शिकवायचे, बायको गेलेली, एक लहान मुलगी. चतुर्थीची आमंत्रणं न्यायला आले, मग दिवाळीची, मग काही कारण नसताना आले. तुम्ही त्यांना व्हरांड्यात बसवून ठेवायचात आणि मला चहा आणायला सांगायचात. ते गेल्यावर एक दिवस म्हणालात, "विचारतोय तो."

"मला काही वाटत नाही, आई."

"त्याला हो म्हणायला काय वाटायला पाहिजे असा कोण म्हणाला?" तुम्ही सुई डोळ्यांजवळ धरून दोरा घालत होतात. "माणूस बरा हाय. बडबड करत नाय. पोरीची वेणी स्वतः घालतो, वाकडी घालतो पण घालतो. माझ्या माघारी तू या व्हरांड्यात एकटी बसशील ता मला नको."

"आणि तुम्ही?"

"मी काय? की पू फेर." काय करायचं, असं क्रिओलमध्ये म्हणून तुम्ही विषय संपवलात.

माझी आई तोवर गेली होती आणि भावानं निरोप धाडला होता की अशा लग्नाला मी येणार नाही. तेव्हा पत्रिका कुणाच्या नावानं काढायची हा प्रश्न आला. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. कार्ड स्वतः कापलंत, मला यंत्राजवळ येऊ दिलं नाहीत. मजकूर छापून आला तेव्हा मी वाचला. निमंत्रक म्हणून एकट्या तुमचं नाव, आणि खाली, आमची कन्या. देवळाच्या मंडळातले एक वडीलधारे पत्रिका घेऊन घरी आले. म्हणाले, "वहिनी, सुनेला कन्या कसं काय लिहिता? रीत आहे का?"

"मग काय लिहू?" तुम्ही म्हणालात. "माझी सून लगीन करत्ये, जेवाक या, असा लिहू?"

ते पत्रिका खिशात घालून गेले. लग्नाला आले, आणि जेवूनही गेले. मी दाराआडून हे ऐकलं होतं. ऐकून आत गेले आणि भाताखालचा जाळ कमी केला. मला कळत होतं की तुम्ही केलंत ते मोठं आहे. नुसतं कळत होतं.

लग्नानंतर मी दर शनिवारी तुमच्याकडे येत राहिले. दोन पावसाळ्यांनंतर एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. मास्तरांनी सगळं केलं, मुलाच्या जागी उभे राहिले. यंत्र भंगारात गेलं, साचे गंजले होते, त्यातले मी काही ठेवले नाहीत. आलेल्यांना मी चहा दिला, कपबश्या मोजून परत शेजारी पोचवल्या. बायका पुन्हा म्हणाल्या असतील, ही रडलीच नाही.

काल नातीला मी सांगितलं, साधा चौकोन घे, वेगवेगळ्या मापांचा एकात एक बसणारा संच मिळाला तर उत्तम. पाकीट घे. कोपऱ्याचं घे. जाळीचं घेऊ नकोस, कागद अडकून बसतो आणि सुईनं टोकरत बसावं लागतं. एकच गोष्ट होईल असा साचा नको, दहा गोष्टी होतील असा घे. तिनं मान डोलावली, सगळं ऐकलं, आणि वर टोपी घातलेलं मांजर मागवलं. मी म्हटलं, याचं काय करणार? म्हणाली, "काही नाही. मला आवडलं."  ती मास्तरांच्या मुलीची मुलगी. वाकड्या वेणीच्या त्या मुलीची.

एक सांगायचं होतं, त्यासाठीच बहुधा लिहायला बसले. हे कुणाला द्यायचं नाही, संध्याकाळी ती यायच्या आत फाडून टाकेन. लग्नाच्या दिवशी मला गाडीत बसवताना तुम्ही खिडकीतून आत वाकलात आणि विचारलंत, "बरा वाटताय ना गो?" मी हो म्हटलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. ते तेव्हा खरं नव्हतं. पुढे कधीतरी ते खरं झालं. कुठल्या दिवशी, ते माझ्याही लक्षात आलं नाही, बहुतेक भांडी घासत असताना. तेव्हा तुम्ही नव्हता, म्हणून कळवायचं राहून गेलं.