चोर चप्पल काढतो का?

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. दावा ठोकायचं नक्की केलं. अमेरिकेत माझ्यावर चोरीचा आळ आला, तो मी मुकाट्याने गिळणार नाही. मी, बद्रीनाथ साळुंके, सारी नोकरी महसूल खात्यात काढली, वैजापूर तालुक्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. (एकदा दाखवलं होतं. तो विषय वेगळा.)

हकीकत थोडक्यात. तिकडं थंडी नसलेल्या दक्षिण टोकाला चिरंजीवांकडे राहत होतो. रीतसर ग्रीन कार्ड, पक्का इमिग्रंट. पहाटे फिरायला निघालो तर समोरच्या मार्थाबाईंच्या अंगणात लाल जास्वंद फुललेली. त्या दिवशी चतुर्थी. चार फुलं घेतली, देवासाठी. इथं सिडकोत आमची सगळी कॉलनी रोज सकाळी कॅरीबॅग घेऊन दुसरं काय करते? पण तिथं दाराच्या बेलमध्येच कॅमेरा. तासाभरात पोलीस हजर. थेफ्ट आणि ट्रेसपास, म्हणजे चोरी आणि घुसखोरी! मी एकच सवाल केला: हिरवळीबाहेर चप्पल काढून मी आत गेलो, चोर चप्पल काढतो का? चिरंजीवांनी याचं भाषांतर केलंच नाही असा मला संशय आहे. ते नुसते सॉरी सॉरी करत होते.

पोलीस ताकीद देऊन गेले. तेव्हा मान खाली गेली होती. लाजेने नाही. रागाने.

मी घाबरून परत आलो असं कुणी समजू नये. दातांसाठी आलो.

५ फेब्रुवारी
मनकर्णाला दाव्याचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, चार फुलं नव्हती, अख्खी फांदी व्हती, मी खिडकीतून बघितलं की. साक्षीदारांतून बायकोला वगळावं लागेल.

दावा निकडीचा आहे. पाडव्याला कॉलनीच्या गणपती मंदिर समितीची निवडणूक. अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढं आहे. मीच केलं. देवाच्या कामाला माणूस निष्कलंक पाहिजे. इथं अजून कुणाला काही माहीत नाही, तेवढं एक बरं.

उद्या दातांचा डॉक्टर.

१० फेब्रुवारी
अ‍ॅड. सूर्यभान यांच्याकडे गेलो, अदालत रोडला. पूर्वी सातबाऱ्यासाठी हे माझ्या ऑफिसात फेऱ्या मारायचे. आज मला बराच वेळ बाहेर बसवलं. गर्दी असेल. आत गेलो तर कुणी नव्हतं.

वकील म्हणाले, अब्रूनुकसानी म्हणजे तुमच्यावरचा आळ चारचौघांनी ऐकला पाहिजे आणि त्यांच्या नजरेतून तुम्ही उतरलं पाहिजे. आळ कुणी ऐकला? म्हटलं, मुलाने, सुनेने, बायकोने. ते म्हणाले, घरच्यांच्या नजरेतून उतरलेलं कोर्ट धरत नाय, साहेब. आणि गावात? म्हटलं, गावात कुणालाच माहीत नाही. मग अब्रू बुडाली कुठं, असं विचारून ते हसले.

मुद्दा ध्यानात आला. केस भक्कम आहे, फक्त साक्षीदार कमी पडतात.

दातांचा दवाखाना त्याच जिन्यात वर आहे. पण डोक्यात दावा घोळत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार
कामाला लागलो. बागेतल्या बाकावर शेजारचे आप्पासाहेब आणि रिटायर्ड एसटी कंडक्टर पुंजाराम यांना मार्थाबाईंच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ दाखवला. चिरंजीवांच्या मागं लागून मिळवला होता, पुरावा म्हणून. आधी मी निर्दोष असल्याचं समजावून सांगितलं, मग दाखवला. हा क्रम महत्त्वाचा.

दोघांनी पुन्हा पुन्हा पाहिला. पुंजाराम म्हणाला, आत जायच्या आधी साहेब चप्पल काढतात, दोन्हीकडं बघून घेतात, लई बारीक काम हाय. मी समजावलं, रस्ता ओलांडायची ती सवय आहे. तो म्हणाला, पर रस्ता तर मागं राहिला व्हता. मग त्याने व्हिडिओ फॉरवर्ड करायला सांगितला. केला. खाली 'निर्दोष' असं लिहिलं.

आप्पासाहेबांनी फांदी मोडतो तिथं व्हिडिओ थांबवला. नंतर म्हणाले, श्रावणात आमची कण्हेर अशीच मोडली व्हती. बुडापासून, पिळून. मी म्हटलं, तो विषय दाव्यात येत नाही.

२४ फेब्रुवारी
अपेक्षेपेक्षा उत्तम प्रगती. व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर, तिथून नातेवाइकांच्या ग्रुपवर, आता भाजीबाजारातही. आज पैठणहून मेव्हणीचा, सरूबाईचा फोन. तिकडच्या जेलात भाजी-भाकरी मिळते का, असं तिने विचारलं. मी जेलात गेलोच नव्हतो म्हटल्यावर तिचा आवाज जरा पडला. दौलताबादहून एका पाहुण्याने विचारलं, सोनं होतं का? म्हटलं, जास्वंद. तो म्हणाला, बरं बरं, फोनवर नको.

साक्षीदारांना आता तोटा नाही. मनकर्णा दोन दिवस बाहेर पडली नाही. गुडघे दुखत असतील.

७ मार्च
वकिलांना आनंदाची बातमी दिली: सगळ्या गावाला कळलं! त्यांनी विचारलं, सांगितलं कुणी? म्हटलं, मी. जातीने, घरोघर जाऊन.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मग साहेब, बदनामी करणारा बद्रीनाथ साळुंके, दावा त्याच्यावर ठोकावा लागंल. मी विचारलं, असा दावा टिकेल का? ते म्हणाले, पुरावा तर लई तगडा हाय, पर मी दोघांपैकी कुणाचंच वकीलपत्र घेणार नाय.

दुसरा वकील पाहावा. हे दिवाणी बाजूला कच्चे वाटतात.

१५ मार्च
सकाळी फिरायला गेलो. गल्लीतल्या गेटांना कुलपं. चतुराबाईंचा मोगरा रात्रीतून गच्चीवर गेला आहे. आप्पासाहेबांनी कण्हेरीला जाळी बांधली, वर पाटी लावली: 'कॅमेरा चालू आहे'. कॅमेरा कुठं दिसेना, म्हणून जवळ जाऊन पाहत होतो, तर आप्पासाहेबच दारात. नमस्कार म्हणाले. जागचे मात्र हलले नाहीत, मी कोपऱ्यावर वळेपर्यंत.

आमच्या पोरांच्या बारशा-लग्नांत या माणसाने पंगती वाढल्या. वाईट वाटलं. खरंच वाटलं. घरी येऊन राग आणला, मग बरं वाटलं.

आमच्या दारात एकही झाड नाही. गाडीसाठी फरशी केली तेव्हा काढली सगळी.

३० मार्च, गुढीपाडवा
निवडणूक झाली. आप्पासाहेब अध्यक्ष. मला एक मत पडलं. मनकर्णाला म्हटलं, तू तरी माझ्या पाठीशी उभी राहिलीस. ती म्हणाली, माझं आप्पासाहेबांना.

नव्या समितीचा पहिला ठराव: देवाची फुलं यापुढं विकतच आणावीत. एकमताने मंजूर. हात वर करताना सगळे माझ्याकडं पाहत होते, म्हणून मीही केला.

३१ मार्च
चिरंजीवांचा फोन. मार्थाबाई माझी चौकशी करतात म्हणे. फुलं देवासाठी होती हे सूनबाईंनी त्यांना जानेवारीतच समजावलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून रोज सकाळी वाडगाभर जास्वंद आमच्या पायरीवर आणून ठेवतात. तक्रार कधीच मागं घेतली. एवढंच म्हणतात, फांदी पिळू नका. माझ्यासाठी वेगळी कात्री काढून ठेवली आहे.

जानेवारीत! म्हणजे ही रोजनिशी सुरू करायच्या आधी. मनकर्णाला माहीत होतं. तिने मला फेब्रुवारीत सांगितलंही होतं म्हणे. मी तेव्हा दाव्याचा मसुदा तिलाच वाचून दाखवत होतो.

आता दावा कुणावर? साऱ्या जगात माझी अब्रू मार्थाबाईंच्या तेवढ्या अंगणात शिल्लक आहे, आणि तिथं मी नाही. चिरंजीव विचारत होते, परत कधी येता? म्हटलं, दात व्हायचेत.

१ एप्रिल, मंगळवार
विनायक चतुर्थी. घरात फूल नाही. मनकर्णाने हातात पिशवी दिली आणि टीव्ही सेंटरच्या चौकात पाठवलं, विकत आणायला. आयुष्यात पहिल्यांदा.

मनकर्णाने सांगितलेली भागूबाई फुलवाली कोपऱ्यावर बसते. टोपलीत लाल जास्वंद, ताजी. माझी तिची ओळख नाही, हे पाहून फार बरं वाटलं. कुणीतरी कोऱ्या नजरेने पाहणारं आहे अजून या शहरात. मी हसलो, तीही हसली. म्हणाली, घ्या काका, देवाला हाय ना?

देवाची फुलं, म्हणून वाकण्याआधी सवयीने चप्पल काढली. भागूबाईने चपलेकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि टोपली उचलून मांडीवर घेतली.