सोबतीला लीलाकाकी

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाठ आहे म्हणे. डाव्या स्तनात, वाटाण्याएवढी.

आशाताई पूजा कधीची मागे लागली होती — तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी आहे, एकदा येऊन जा. दुखत काही नाही, मग कशाला? म्हणून टाळत होते. आज शिलाई मशीन बिघडलं, रिकामी होते, आरोग्य केंद्रात गेले. बीपी झालं, साखर झाली, तोंडात बॅटरी मारून बघितलं. मग पडद्याआड नर्सबाई तपासता तपासता थांबल्या. पुन्हा तिथंच बोटं फिरवली. "कधीपासून आहे ही?" मला माहीतच नव्हतं. अख्ख्या म्हसवडच्या बायकांची मापं घेते मी, पण स्वतःचं अंग कधी चाचपलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण साताऱ्याला जाऊन मॅमोग्राफी करा. आणि कुणाला तरी सोबत न्या."

कुणाला नेऊ?

५ नोव्हेंबर

सरफराजला पुण्याला फोन केला. धाकटा असला तरी भाऊच आहे. "आपा, आत्ता सुट्टी न्हाई मिळत. पुढच्या महिन्यात बघू की." मग आवाज बारीक करून — "आन् हे कुणाला सांगत बसू नको."

कुणाला सांगणार? अम्मी गेल्यापासून घरात भांड्याचा आवाज होतो तोही माझाच. दोन भाकरी केल्या. एक तशीच राहिली.

६ नोव्हेंबर

आज कुणाशीच बोलले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

समोरच्या लीलाकाकी ब्लाऊज न्यायला आल्या. मी बाही उलटी जोडली होती. त्यांनी ब्लाऊज बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "तुजा हात कवा चुकत न्हाई. काय झालंय, जीनत?"

इतकी वर्षं समोरासमोर राहतो, पण कापडापलीकडं आमचं बोलणं नाही. आज मात्र सगळं सांगून टाकलं. त्यांनी ब्लाऊजची घडी घातली. मला वाटलं, उठून जातील.

"कवा जायचं?"

"बघते, काकी."

"बघती काय? सोमवारी जाऊ. मी येती."

दार लावून घेतलं आणि रडले. का, ते कळलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

साताऱ्याला जाऊन आलो. एसटीत काकींनी खिडकी मला दिली. दहिवडी गेल्यावर भाकरी सोडली. मी नुसती हातात धरून बसले. त्या म्हणाल्या, "खा. पोटाचं आन् त्या गाठीचं काय भांडण हाय?" मग खाल्लं.

मशीनच्या दोन पट्ट्यांत दाबून फोटो काढतात. दुखलं, पण लगेच झालं. मग सोनोग्राफी. बाहेर आले तर तिथली मुलगी काकींना म्हणत होती, "तुमची कधी झालीय का तपासणी?"

"मला काय धाड भरलीया?"

"त्रास व्हायच्या आधीच करायची असते, मावशी."

काकी ऐकेनात. मीच म्हणाले, "आता आलोच आहोत, काकी. मी केली ना?" माझ्याकडे बघून हसल्या. "बरं. हिच्या समाधानासाठी."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाण्याची गाठ! साधी. औषधसुद्धा नाही, फक्त सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय.

सरफराजला फोन केला. "मग? उगाच घाबरलीस." त्याला दुसरा फोन येत होता, ठेवला.

काकींना सांगायला धावत गेले, तर कुलूप. बहिणीकडं वडूजला गेल्यात म्हणे. शिरा केला होता. खाताना वाटलं, वाईट बातमी एकटीनं सोसता येते, चांगल्या बातमीला कुणीतरी लागतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कॅन्सर काकींना निघाला. हाताला लागत नाही एवढा बारीक — त्या दिवशीच्या फोटोत ठिपका दिसला, म्हणून परत बोलावून सुईनं तपासलं होतं. "फार लवकर सापडला, बऱ्या होतील," डॉक्टर म्हणाले. काकींना फोनवर बोलवेना, म्हणून त्यांच्या मुलाला, शंभूराजला, मीच जम्मूला फोन लावला. त्याला माझा नंबर अनोळखी. "कोण बोलतंय?" मी काकींकडं बघितलं. शेजारी बसलेल्या काकी म्हणाल्या, "सांग त्याला, घरचीच हाय."