चिंचेखालची सावकाश पंगत

सुरत

तीर्थस्वरूप वामनकाका यांच्या पायाशी पुतण्या गोपालचा दंडवत. मी इथं मजेत आहे. तुमचा गुडघा, काकूंचा खोकला आणि देऊळगाव राजाच्या तुमच्या दारातला कडुनिंब, तिघांचीही तब्येत बरी असेल असं धरून चालतो. (कडुनिंबाची चौकशी मुद्दाम केली आहे.)

होळीला गावी आलो, पण तुमच्याकडं येणं झालं नाही. त्याला कारण तुमची थोरली बहीण, म्हणजे आमची मनकर्णाआत्या. अमडापूरच्या रस्त्यावरच्या आपल्या चिंचा रस्ता रुंद करायला पाडायच्या ठरल्या होत्या. आत्यानं अर्ज देऊन देऊन एका साहेबाला पाहणीसाठी यायला लावलं. साहेब यायचा दुपारी आणि ठेकेदाराची माणसं कटर मशीन घेऊन हजर सकाळीच. म्हणजे साहेबानं येऊन पाहायचं काय, तर बुंधे.

हिंमतरावांची कॉलेजातली पोरगी पुष्पांजली पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन आली होती आणि घोषणा द्यायला मला पुढं उभं केलं होतं. (आवाज आपला चांगला आहे, शाळेतून काढलं तेही त्याच्यापायीच.) आत्यानं दोघांनाही बाजूला केलं. म्हणाली, "बोंबलत बसलात त हाताले धरून उठवतीन. पंगतीतून कोनी उठवते का कोनाले?" आणि तिनं चिंचेखालच्या म्हसोबाला नवसाचे रोडगे लावले. गोवऱ्यांचा आर पेटला, त्यात कणकेचे गोळे गेले, आणि आर फुलवायला वारा घातला तो पुष्पांजलीच्या पाट्यांनी. झाडं वाचवायच्या कामी पाट्या इतक्या उपयोगी पडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

ठेकेदाराचा मुकादम पुढं आला तशी आत्या त्याला म्हणाली, "म्हसोबाचा परसाद हाय भाऊ, जेवल्याबिगर झाडाले हात लावू नोको." तो जरा कुरकुरला, पण रोडगा फोडून वर तूप सोडल्याचा वास आला आणि मशीनवाले आपण होऊनच रांगेत बसले. काका, तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं पंगत उठते ती सगळी एकदम. एकाच्याही पत्रावळीवर घास असला तर बाकीचे हात वाळवत बसतात. आत्याचा सगळा डाव याच्यावर होता. पण तिनं हे मला सांगितलं नाही आणि वाढायला उभं केलं मलाच.

आता मी सुरतेला हाटेलात वाढतो. तिथं गिऱ्हाईक बसलं की ताट, हात थांबला की ताट उचल, टेबल पूस, दुसरं गिऱ्हाईक. मी तोच झपाटा लावला. वरण, वांग्याची भाजी, रोडगा, पुन्हा वरण. लोक वा वा करून राह्यले होते आणि मी फुगत होतो. साहेबाचा पत्ता नाही आणि पंगत आटोपत आली. एकटे भगवानआबा राहिले. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, रोडग्याचा एक तुकडा ते या गालातून त्या गालात फिरवत होते. त्यांनी पाणी प्यायला हात थांबवला, आणि काका, मी त्यांची पत्रावळ उचलली.

मुकादम उठायला लागला. आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी म्हसोबाच्या मागं सरकलो. "अबे, हाटेल हाय का हे?" एवढंच बोलली. मग आबांपुढं नवी पत्रावळ मांडून म्हणाली, "आबा, तुमचं गोडाचं राह्यलंच की." आबांनी वर पाहिलं, चिंचेकडं पाहिलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मुकादम पुन्हा बसला. दात नसलेल्या माणसाच्या ताकदीची मला तोवर कल्पना नव्हती.

साहेबाची गाडी आली तेव्हा आबांचा दुसरा खडा चालू होता. साहेबालाही बसवलं, जेवू घातलं. जेवल्यावर तो बुंध्याला टेकला, वर पाहत राहिला, म्हणाला, "रस्ता पलीकडच्या पडीक जागेतून घेऊ." मुकादमानं मशीन गाडीत टाकलं आणि जाताना खिसे भरून चिंचा नेल्या. मग आम्ही सगळेच सावलीत आडवे झालो. गार वारा, वर पोपटांचा कालवा, गाभुळलेल्या चिंचा अंगावर पडून राह्यल्या होत्या. सुरतच्या माझ्या खोलीला खिडकी नाही काका. त्या दिवशी कळलं, आत्या एवढी कशासाठी भांडते. अशी बाई आपल्या घरात आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा
गोपाल

ता. क. दुकानाच्या शटरसाठी दारातला कडुनिंब पाडायचं तुम्ही ठरवल्याचं आत्याला कळलं आहे. हे पत्र मी तिच्याच सांगण्यावरून लिहितो आहे. येत्या रविवारी ती माहेरपणाला म्हणून तुमच्याकडं येणार. गोवऱ्या सोबत आणणार आहे, कणीक तेवढी तुमची.

पुन्हा ता. क. मीही सुट्टी काढली आहे. या वेळी हळू वाढीन. आणि भगवानआबांनीही येतो म्हटलं आहे. कवळी बसवायचं त्यांनी पुढं ढकललं आहे.