तुयं हिरवं लुगडं

मु. गोंडपिपरी, जि. चांदा
ता. ८ डिसेंबर १९५४

सौ. रंभाले मुखरूचा जिवाभावाचा आशीर्वाद.

मी खुशाल आहो. थोडा खोकला आहे, पण त्यानं माह्या सीतेचं रडणं चांगलं वठते, असं दंडारीच्या खेळातले गडी म्हणतेत. आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र माह्या बहिणीकडूनच, कमळाकडूनच वाचून घेजो.

काल उजाडता वनवासाचा खेळ संपला. तुयं हिरवं लुगडं माह्या अंगावरच होतं. एक म्हातारी तांदूळ, नारळ, हळदकुंकू घेऊन आली. पोटुशी सीता रानात सोडली, तिची ओटी भराची म्हणे.

मी म्हटलं, "बाई, मी बाप्या माणूस आहो."

"मले माहीत आहे. काल तुले बिडी वढतानी पाह्यलं. पदर पसर. लुगडं कोणाचं?"

"घरवालीचं."

"तिले लेकरं किती?"

आपली दोन गेली, तवापासून आपल्या गावच्या बाया तुयी ओटी भरत नाईत, हे कसं सांगू? तिनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणे, "मंग मी तिचीच भरून राह्यली."

तिच्यामागं इथल्या साऱ्या बाया ओटी भराले आल्या. रंभा, या बायांचे उपकार मी कसे फेडू?

खेळासाठी दुसरं लुगडं मागून घेतलं. तुयं लुगडं अन् तांदूळ गाडीवाल्या देवाजीसंग धाडतो. लुगडं धुतलं नाई, पदराले हळद आहे. तांदळाची खीर करजो. कोणाले वाटू नको, ओटी तुयी आहे.

तुया,
मुखरू