हिची उंचीची भीती

१ ऑक्टोबर, गुरुवार

कन्येचा फोन. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली म्हणून तिने आम्हा दोघांसाठी डोंगरावरच्या रिसॉर्टची एक दिवसाची ट्रिप बुक केली आहे. रविवारी. गाइड, जेवण, रोपवे, सगळं धरून.

रोपवे ऐकून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. हिच्या काळजीने. हिला उंचीची भीती आहे. हे मी लग्न झाल्यापासून सगळ्यांना सांगत आलोय. दीपगृह बघायला गेलो तेव्हा, काचेच्या लिफ्टच्या वेळी, भाचीने बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा. दर वेळी हिच्यासोबत खाली थांबलो. हा त्याग कधी बोलून दाखवला नाही.

ही मात्र फोन संपायच्या आत चालायचे बूट शोधायला लागली. भीती लपवायची एकेकाची तऱ्हा असते.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

ट्रिपवाल्यांचा फॉर्म आला. प्रवाशांपैकी कुणाला काही त्रास असल्यास लिहा. विमा कंपनीच्या जोखीम विभागातून रिटायर झालेला माणूस मी, मला फॉर्म शिकवणार? हिच्या नावापुढे लिहिलं: उंचीवर चक्कर, घबराट, एकदा शुद्ध हरपली होती. (शुद्ध माझी हरपली होती, पण ही शेजारीच होती.) माझ्या नावापुढे: ठणठणीत.

प्लॅन सोपा आहे. तिथले लोक हिला अडवणार. मी त्याग करून हिच्याबरोबर खाली थांबणार. कॉफी पिऊ, गप्पा मारू, संध्याकाळी घरी. हिला काही सांगितलं नाही. उगाच हिरमोड कशाला.

४ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६

निघतो. ही चारपासून तयार होऊन बसली आहे. लिपस्टिकसुद्धा लावली आहे. बिचारी.

सकाळी ११.२०. वरून

हस्ताक्षर माझंच आहे. तसं वाटत नाही.

हिला अडवलं, प्लॅनप्रमाणे. गाइड म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक खमकी बाई. तिने फॉर्म सगळ्या बससमोर मोठ्याने वाचला. ही माझ्याकडे बघत राहिली. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सरळ उभा राहिल्यावर त्याग जाहीर केला. तर गाइड म्हणते, तुम्ही कशाला थांबताय, इथे नर्स आहे, ती बसेल ताईंजवळ, तुमच्यासारख्या ठणठणीत माणसाने का चुकवायचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हिच्याकडे आशेने पाहिलं. ही म्हणाली, जा ना अहो, माझ्यापायी किती वर्षं खाली थांबणार? आणि स्वतः दंड धरून मला रोपवेच्या ट्रॉलीत बसवलं. दार लागलं. ते बाहेरून उघडतं.

पुढची चौदा मिनिटं मी ट्रॉलीच्या तळाचं निरीक्षण केलं. जोखीम विभागाची सवय. निरीक्षण जवळून व्हावं म्हणून पालथा झोपलो होतो. एका आजीबाईंचे पाय घट्ट धरले, त्यांना आधार वाटावा म्हणून. वर आल्यावर त्यांना मोजे बदलावे लागले.

दुपारी १

ही वर आली. नर्सने तपासलं, काही निघालं नाही, ही सही करून पुढच्या ट्रॉलीत बसली. बसली कसली, म्हणे काचेला नाक लावून उभी होती. मी तेव्हा प्रथमोपचाराच्या खोलीत आडवा होतो. ही दारात आली, मला बघितलं आणि म्हणाली, सव्वीस वर्षं, अहो. एवढंच. मग सगळ्यांबरोबर कड्यावर गेली.

बाहेरून कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. हिचं आहे हे ओळखायला मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी ५.३०

खाली जायला दुसरा रस्ता नाही. पायवाटसुद्धा नाही, मी तीन जणांना विचारलं. ट्रॉलीपर्यंत तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी फलाटाचा खांब माझ्या मिठीतून चौघांनी मिळून सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही. ताकद आहे अजून अंगात.

विचारांती ठरवलं की हवा उत्तम आहे, एक दिवस राहावं. गाइडने शिट्टी मारली. हिने खिडकीची जागा पटकावली आणि मला हात केला. बराच वेळ करत होती, ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत. निदान मला तरी तसं वाटलं. मी डोळे मिटले होते.

७ ऑक्टोबर, बुधवार

लाँड्रीमागे खोली दिली आहे. मॅनेजर माझा अनुभव ओळखून आहे. टॉवेलच्या बाबतीत मी सल्ला देतो. म्हणजे घड्या घालतो.

रोज सकाळी दहाच्या ट्रॉलीने उतरायचा संकल्प आहे. रोज साडेनऊला वारा वाढतो. इथले लोक म्हणतात, पान हललेलं नाही. त्यांना वाऱ्यातलं काय कळतं?

कन्येचा फोन. म्हणाली, बाबा, डोळे मिटा आणि या. म्हटलं, माझं सोड, तुझ्या आईचे एकटीचे हाल होत असतील, तिला दे फोन. कन्या म्हणाली, आई घरी नाही, बाराव्या मजल्यावर तुमच्या भाचीकडे बाल्कनीत चहा पितेय. काल काचेच्या लिफ्टमधून चार फेऱ्या मारल्या म्हणे, काही काम नसताना.

१० ऑक्टोबर, शनिवार

ही उद्याच्या ट्रिपने येतेय. मला न्यायला. शेवटी जीव तुटलाच. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, उद्याच्या एका दिवसापुरत्या आण म्हणून सांगितलं. परवा घरी असेन.

हिचा हात धरून उतरणार. आणि सांगून टाकणार की भीती माझी होती. वाक्य पाठ केलं आहे. आरशासमोर म्हणताना मध्येच खोकलो. सर्दी आहे.

११ ऑक्टोबर, रविवार. दुपारी ३

ही आली. रापली आहे. छान दिसते. हे मी सव्वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, तेही म्हणालो. मग वाक्य म्हटलं, न अडखळता, पूर्ण.

ही म्हणाली, ते मला दीपगृहाच्या पायरीवरच कळलं होतं. तुम्ही कधीतरी स्वतःहून सांगाल असं वाटायचं, म्हणून खाली थांबत गेले.

मी हात पुढे केला. हिने तो धरला, जरा थोपटला, त्यात बॅग दिली. गाइडची शिट्टी झाली आणि ही कड्याकडे गेली. मागे वळली नाही. रागावलेली नव्हती, तेच वाईट.

आत्ता बॅग उघडली. दोन स्वेटर, माझी उशी, जुना चष्मा. खाली गोळ्या.

मी एका दिवसाच्या मागितल्या होत्या. सहा महिन्यांच्या आहेत.